चालत बाहेर आलेल्या माणसाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडी पलटी झाल्यावर माणसाला काय काय इजा होतात यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून तिचा मुख्य भाग इथे देते. "मावशी, वॉर्डात सलाइन लावणं वेगळं आणि डॉक्टरकी वेगळी. माझ्या चुलतभावाची गाडी गेल्या महिन्यात खोपोलीजवळ उलटली. पठ्ठ्या काच फोडून चालत बाहेर आला, वडापाव खाल्ला आणि घरी आला. आज ठणठणीत आहे. चालत बाहेर येणाऱ्याला काही झालेलं नसतं. उगाच स्कॅनची भीती घालू नका." पुढे आणखी आहे: अमेरिकेचे आकडे आपल्याला कशाला, सीटबेल्टमुळेच लोक आत अडकून मरतात, गाडी पेटली तर तुमचा सल्ला पाळत जळायचं का, आणि मानेत आठ मणके असतात हे कुठे वाचलंत.

शेवटचं आधी घेते. मानेत मणके सातच असतात. आठ असतात त्या मानेतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या. लिहिताना माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता 'मावशी'. वयाने मी तुमची मावशी असेनही, त्याला माझी ना नाही. पण सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात ज्याने एक रात्र काढली आहे त्याला ठाऊक असतं की तिथे मावशी म्हणजे आयाबाई आणि सिस्टर म्हणजे सिस्टर. तुम्हालाही ते ठाऊक आहे, म्हणून तर पुढच्याच वाक्यात सलाइन आलं. मला एक पायरी खाली बसवायला तुम्ही तो शब्द वापरलात. माझ्यापेक्षा तो आमच्या मावशींचा अपमान आहे, आणि तो मी खपवून घेणार नाही.

आमच्या ट्रॉमा वॉर्डातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. नाशिक हायवेवर गाडी उलटलेला तिशीतला एक मुलगा आमच्याकडे होता. शुद्धीवर, बोलणारा, हाताला प्लास्टर. गाडीच्या बाजूच्या काचा फुटल्या की त्यांचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात, ते केसांत अडकतात आणि दोन-दोन दिवस उशीवर पडत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ओल्या फडक्याने त्याचं डोकं पुसून ते खडे किडनी ट्रेमध्ये टाकत होत्या. मध्येच थांबल्या आणि मला हाक मारली, "सिस्टर, हे बघा. कानामागे काळंनिळं पडलंय. काल नव्हतं." मी पाहिलं तर कानातून पातळ पाण्यासारखंही काही येत होतं. कवटीच्या तळाचं हाड मोडलं की कानामागे असा डाग पडतो आणि तो बऱ्याचदा दिवसभराने, दोन दिवसांनी दिसू लागतो. कानातून येणारं ते पाणी मेंदूभोवतीचं असतं. मी धावत रेसिडेंट डॉक्टरांना बोलावून आणलं. सगळ्यात आधी ते कोणाला दिसलं? मावशींना. डॉक्टरकी डॉक्टरच करतात, मी ती करते असं कुठेही म्हटलेलं नाही. पण डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. तासातासाला टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, नाव विचारायचं, बोटं दाबायला सांगायची आणि चार्टवर आकडा लिहायचा, हे काम सिस्टर करते. एकतीस वर्षं नोकरी केली मी, त्यातली चौदा त्या वॉर्डात. मला काय माहीत आहे असं विचारण्याआधी हे माहीत करून घ्यायला हवं होतं.

तर आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. चालत बाहेर येणाऱ्याला काही झालेलं नसतं. तुम्ही हे अगदी सहज लिहून गेलात, आणि तेवढ्याच सहज ते वाचून कोणी तरी आपल्या माणसाला घरी झोपवेल, म्हणून इतकं लिहायला बसले आहे.

समोरासमोर धडक होते तेव्हा धक्का मुख्यतः एका दिशेने बसतो. गाडी उलटते तेव्हा तसं होत नाही. चाक रस्त्याच्या कडेला मातीत रुततं किंवा दुभाजकावर चढतं, गाडी आडवी होते, मग छतावर, मग दुसऱ्या कुशीवर, आणि पुन्हा. प्रत्येक कोलांटीत आतलं माणूस नव्या जागी आपटतं. छत जमिनीला टेकतं त्या क्षणी शरीर अजून खाली येत असतं, सगळा भार डोक्यावर आणि तिथून मानेवर येतो. खिडकीत कोपर ठेवून बसायची सवय असेल तर तो हात गाडी आणि रस्त्याच्या मध्ये सापडतो. तो हात मी पाहिला आहे, त्याचं वर्णन करणार नाही. या सगळ्यातून सुटून माणूस उभा राहिला, तरी अंगात भीतीची एवढी ऊर्मी असते की दुखणं जाणवतच नाही. मानेचा मणका मोडलेली पण मज्जारज्जू शाबूत असलेली माणसं स्वतःच्या पायांनी कॅज्युअल्टीत आलेली मी पाहिली आहेत, मान एका हाताने धरून.

आता घरचं सांगते, कारण तुम्ही घरचं सांगितलंत.

2009 साली माझ्या धाकट्या दिरांची गाडी पुण्याहून येताना घाट उतरल्यावर उलटली. दुपारचे चार वाजले असतील. ते चालत बाहेर आले. मागच्या सीटवरच्या दोघांना बाहेर यायला हात दिला, पोलिसांशी बोलले, टपरीवर चहा घेतला. कपाळाला खोक पडली होती म्हणून वाटेत एका खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे चार टाके घातले, इंजेक्शन दिलं आणि "घरी जाऊन आराम करा" म्हणून पाठवलं. डोकं आपटलं का, उलटी झाली का, थोडा वेळ तरी शुद्ध गेली होती का, काहीसुद्धा विचारलं नाही. का विचारायचं? माणूस चालत आला होता ना.

मी इव्हिनिंग ड्युटी करून दहाच्या सुमाराला लालबागला घरी पोचले. दीर कॉटवर टेकून बसले होते, घरातली बाकी मंडळी गाडीच्या विम्याचं बोलत होती. मला बघून म्हणाले, "वहिनी, माझं पाकीट कुठंय?" पाकीट त्यांच्या मांडीवर होतं. मी हातात दिलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पर्समधला टॉर्च काढला. उजव्या डोळ्याची बाहुली डाव्यापेक्षा मोठी होती. फार नाही, पण मोठी होती. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, दमलेत ते, झोपू द्या." मी झोपू दिलं नाही. टॅक्सीत उलटी झाली. आमच्याच हॉस्पिटलात डोक्याचा सीटी स्कॅन केला, फिल्मवर कवटीच्या आत चिकटून भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग. कानाच्या वर, कपाळाच्या बाजूला हाड पातळ असतं, त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते, रक्त साठत जातं आणि मेंदू दाबला जातो. रक्त साठेपर्यंत माणूस बोलतं, चालतं, चहा पितं. डॉक्टर त्याला ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. तुमचं वाक्य म्हणजे नेमका तोच वेळ आहे.

रात्री एकला ऑपरेशन झालं. दीर वाचले. वास मात्र गेला, कायमचा. आज सोळा-सतरा वर्षं झाली, दूध उतू गेलं तरी त्यांना कळत नाही, आणि जाऊबाई घराबाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर स्वतः बंद करतात. तुम्ही म्हणता मी भीती घालते. बरं, घालते.

आणि हे एकट्या डोक्याचं नाही. पोटात डाव्या बरगड्यांखाली असणारी प्लीहा फाटलेला माणूस कधी कधी डावा खांदा दुखतो म्हणून येतो. खांद्याला हात लावून बघावं तर काही नाही, रक्तस्राव पोटात चालू असतो. तोही चालतच आलेला असतो.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत फार वेळ घालवत नाही. अमेरिकेचे आकडे दिले कारण तिथे गाडी उलटण्याची वेगळी नोंद ठेवली जाते: 2010 मध्ये गाड्यांच्या एकूण अपघातांत असे अपघात दोन टक्क्यांच्या आसपास होते, पण गाडीतल्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे 35 टक्के होता. हाडं तिथली आणि इथली सारखीच असतात. गाडी पेटली, पेट्रोलचा वास किंवा धूर आला तर मान-बिन न बघता आधी बाहेर ओढा, असं मी लेखात ठळक अक्षरांत लिहिलं आहे. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. बेल्टने पोटावर आडवा वळ उठतो, क्वचित आतडंही फाटतं, हेही लिहिलंय. पण बेल्ट नसलेला माणूस खिडकीतून बाहेर फेकला जातो आणि बऱ्याचदा त्याच्यावरच गाडी येते. उलटं लटकलेल्या अवस्थेत बेल्ट काढायचा तर आधी एक हात छताला टेकवायचा, पाय रोवायचे, मग खटका दाबायचा. नाहीतर डोक्यावर पडून वाचलेली मान तिथे जाते. मागच्या सीटवरही बेल्ट लावा हे काही माझं वेड नाही, 2019 पासून कायद्यात त्याला 1000 रुपये दंड आहे. यावर आणखी वाद घालायचा असेल तर वेगळ्या लेखाखाली घाला.

आता तुमच्या चुलतभावाबद्दल. तो बरा आहे याचा मला खरंच आनंद आहे. पण तुम्ही 'गेल्या महिन्यात' असं लिहिलंत आणि ते दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. डोक्यात एक रक्तस्राव असा असतो की तो शिरांमधून हळूहळू होतो आणि तीन-चार आठवड्यांनीसुद्धा वर येतो. वय जास्त असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दारू बरीच असेल तर त्याची शक्यता वाढते. त्याला स्वतःला विचारून उपयोग नाही, तो ठणठणीतच म्हणेल. घरातल्या बायकांना विचारा. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का? दिवसा जास्त झोपतो का? विसरतो, चिडतो का? आणि चालताना एकाच पायातली चप्पल निसटते का? यातल्या एकाला जरी हो आलं, तर त्याला आजच्या आज सीटीची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. अपघाताची तारीख आणि गाडी किती कोलांट्या खाऊन थांबली, हे तिथल्या डॉक्टरांना त्यांनी विचारायच्या आधी सांगा. आणि काय झालं ते मला इथेच खाली कळवा, मावशी म्हणून लिहिलंत तरी चालेल.