माझ्या मापाची बंदूक

माझी उंची पाच फूट चार इंच आणि बाजारातल्या बहुतेक बंदुका माझ्याहून उंच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या. ह्यूस्टनला आल्यावर हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने फोडायचा नाद लागला, तेव्हा एका निवृत्त शेजाऱ्याकडून जुनी रेमिंग्टन 870 ही शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, घेतली. हे मॉडेल 1950 सालचं, आजवर एक कोटीच्या वर खपलेलं. साहजिकच सुटे भाग म्हणाल ते मिळतात. त्यात इथल्या कायद्याने बंदूक म्हणजे फक्त मधला सांगाडा, रिसीव्हर. नळी, खांद्याला टेकवायचा दस्ता वगैरे मंडळी टपालाने घरपोच येतात. माणूस बिघडायला आणखी काय लागतं?

शेजारी या बंदुकीने बदकं मारायचा. नळीला कायमचा फुल चोक, म्हणजे तोंड आवळलेलं. 40 यार्डांवर साधारण 70 टक्के छर्रे 30 इंचांच्या वर्तुळात. स्कीट या चकत्या फोडायच्या खेळातली चकती (नावाला मातीची, खरी डांबर आणि चुनखडीची) वीसेक यार्डांवरून आडवी जाते. तेवढ्यात छर्रे पसरतातच कुठे! लागली तर पूड, नाहीतर ती अख्खी जाऊन गवतात विसावते. माझ्या बहुतेक विसावायच्याच.

मग चोक बदलता येणारी नळी आली. ती बसवणं पाच मिनिटांचं काम. पण क्लबातल्या आजोबांनी मला उभं करून न्याहाळलं आणि म्हणाले, "तुला दस्ताच लांब होतोय." चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत 14 इंच. शॉटगनला नेम धरायची मागची खाच नसते, ते काम आपल्या डोळ्याने करायचं. गाल जरा वर-खाली टेकला की नेम गेलाच. "पण हे जुनं अक्रोडाचं लाकूड कापू नकोस हं," आजोबा कळवळून म्हणाले. "दुसरा दस्ता घे, तो काप."

घेतला. जुना काढायला आधी मागची पट्टी उघडायची, मग त्या खोल भोकात लांबलचक स्क्रूड्रायव्हर घालून तळाचा न दिसणारा स्क्रू चाचपायचा. बायको टॉर्च धरून उभी. "बंदूक आहे की ब्लाउज? किती त्या ट्रायली!" नवा दस्ता कापला, गालाखाली चामड्याची गादी बांधली. राहता राहिला धक्का सोसणारा रबरी पॅड, तो घासून दस्त्याच्या आकाराला आणायचा होता. रबर घासताना जळका वास सुटतो हे ऐकून होतो. त्याची काळी पूड किती लांब उडते, हे अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर कळलं.

खर्चाचा हिशेब बायकोनेच मांडला आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणून मिटवला. चकत्या मात्र आता फुटतात. सगळ्या नाही, पण आजोबा मान हलवायचे थांबलेत.

फक्त कपाटात जुनी नळी आणि जुना दस्ता नुसते पडून आहेत. एक रिसीव्हर मिळाला की दुसरी बंदूक तयार. पाहूनही ठेवलाय. कुरडयांचा राग उतरला की घरी विषय काढीन म्हणतो.