केशवराव भोसले नाट्यगृह कुणाच्या कानांसाठी बांधणार?

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. तेव्हापासून कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर हा विषय निघाला की गाडी तीनच गोष्टींवर येऊन थांबते: निधी, खुर्च्या आणि एसी. पार्किंग धरलं तर चार. हे मुळात गाण्याचं घर होतं, माइक नसलेल्या काळात माइकशिवाय गाणाऱ्यांसाठी बांधलेलं, आणि नव्यानं बांधताना त्याचं कुणी नावही काढत नाही, ही माझी तक्रार आहे. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले. तिथले आखाडे, प्रेक्षागारं बघून आले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत एकाच आवारात दोन वास्तू उभ्या राहिल्या. एक खासबाग कुस्ती मैदान आणि दुसरं त्याला पाठ लावून पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. नाट्यगृहाचं काम १९१३ साली सुरू झालं, १९१५ साली ते खुलं झालं. मधे एकही खांब नाही, म्हणजे कुणाची मान वाकडी व्हायला नको. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला तंबोरा. असा शेजार दुसऱ्या कुठल्या संस्थानिकाला सुचला असता असं मला वाटत नाही. (हे कोल्हापूरकर म्हणून बोलतोय, पुणेकरांनी मनावर घेऊ नये.)

१९१५ म्हणजे संगीत नाटकाचा ऐन बहराचा काळ. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगमंचावर आलं, त्याला पस्तीस वर्षं होत आली होती. नाटक मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरायच्या. बऱ्याच गावांत मांडव घालायचा, पडदे बांधायचे, मुक्काम संपला की सगळं उतरवून पुढच्या गावाला. अशा फिरस्त्यांना इथं दगडी भिंतींचं पक्कं घर मिळालं.

आणि ऐकणारेही तयार होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अल्लादियाखाँसाहेब दरबारी गायक. देवल क्लब १८८३पासून गाण्याच्या बैठकी भरवत होता. गोविंदराव टेंबे इथलेच, ज्यांनी १९११ साली 'मानापमान' या संगीत नाटकाला चाली दिल्या आणि नाट्यपदाचं वळणच बदललं. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांचा कान बिघडला होता तेव्हा मिरजेला उपचारांची सोय महाराजांनीच लावून दिली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. इतकी माणसं भोवती असताना वाईट गाऊन सुटका होणं कठीणच.

आता ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्यांच्याबद्दल. परवा एका शाळकरी मुलानं मला विचारलं, "काका, केशवराव भोसले म्हणजे आमदार होते का?" त्याचा दोष नाही. आपण नाव पाटीवर लिहिलं आणि विसरून गेलो.

केशवराव ९ ऑगस्ट १८९०ला कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी, म्हणून अगदी पोरवयात नाटक कंपनीत गेले. नाटककार गो. ब. देवलांच्या 'शारदा'मध्ये शारदेचं काम करायचे. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका, करणारा मुलगा, आणि त्याच्या तोंडची पदं ऐकून थिएटर गलबलायचं. १ जानेवारी १९०८ला हुबळीत त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. वय सतरा! या वयात आपली पोरं गाडीच्या लायसनची वाट बघत असतात. गवई रामकृष्णबुवा वझ्यांसारखा गुरू, तार सप्तकात बेधडक घुसणारा गळा, आणि जोडीला विषयांची निवड. १९१६ साली हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' करणं म्हणजे समोर बसलेल्या निम्म्या वरबापांना तिकीट काढायला लावून आरसा दाखवणं.

८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. त्या प्रयोगाबद्दल आजही लोक असं बोलतात की जणू स्वतः तिथं बसले होते. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव नंतर मिळालं, आणि आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. यावर काय बोलणार.

मग संगीत नाटक ओसरलं. त्यातही कोल्हापूरचा हात आहेच. पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, आणि १९३२च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्र झाले ते आपले गोविंदराव टेंबेच. गाणं चार आण्यात पडद्यावर मिळायला लागल्यावर रात्रभर बसून नाटक कोण बघणार? मला त्याचं दुःख नाही. कला बदलतात.

दुःख वेगळंच आहे. काही वर्षांमागे एका शहरात (नाव घेत नाही) चांगल्या नटसंचाचा 'सौभद्र' या संगीत नाटकाचा प्रयोग ऐकला. नांदी सुरू झाली आणि स्पीकरमधून असा काही खर्ज आला की तबला वाजतोय की शेजारी बांधकाम चाललंय ते कळेना. सुभद्रेचा कॉलर माइक पदराला घासून खरखरत होता. ऑर्गनसमोर वेगळा माइक, त्यामुळे बाईंच्या प्रत्येक हरकतीवर ऑर्गन चढून बसलेला. बाई उत्तम गात होत्या हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. मध्यंतरात साउंडवाल्याला म्हटलं, जरा कमी करा. तो म्हणाला, "मागं ऐकू जात नाही साहेब, हॉलच तसा आहे."

हॉलच तसा आहे. तो खरंच बोलला. नुसता गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तर आवाज भिंतींवरून, छतावरून परत प्रेक्षकांकडे यावा लागतो. बोलण्याचं नाटक असेल तर तो लवकर विरलेला बरा. गाण्याला थोडा रेंगाळावा लागतो, पण इतका नाही की तानेतला एक स्वर दुसऱ्यावर सांडेल. गाद्यांच्या खुर्च्या, जाड गालिचा, भिंतींना मऊ अस्तर, छिद्रांचं फॉल्स सीलिंग, हे सगळं आवाज पितं. त्यात एसीची घरघर. गाण्यातली हळुवार जागा तिच्याखाली बुडते, मग माइक येतो, आणि माइक आला की गायक जोर लावणंच सोडतो. दोन पिढ्या हे चाललं की गळ्यात तो दम उरत नाही.

आगीत छत, लाकडी रंगमंच, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती बऱ्याचशा उभ्या राहिल्या. म्हणजे आवाज घडवणारं बहुतेक सगळं आता नव्यानं करायचं आहे, आणि कागदावर ते 'इंटिरिअर' या एका शब्दात उरकतं. बाहेरून दर्शनी भाग हुबेहूब झाला की फोटो छान येतील. आत बसून ऐकायचं काय?

एसी नको असं मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये मलाही घाम येतो. माइकही लागणारच, रोज काही संगीत नाटक होणार नाही. शाळांची संमेलनं, ऑर्केस्ट्रा, सत्कार, सगळं तिथंच होणार. पण गरज नसेल तेव्हा माइक बंद करता यावा, इतकी तरी वास्तू लायक असावी.

त्यासाठी एकच मागणी आहे. आतलं छत आणि भिंतींचं काम पक्कं करण्याआधी एक संध्याकाळ ठेवा. रंगमंचावर एक गाणारा, एक ऑर्गन, एक तबला. एसी चालू, स्पीकर बंद. नाट्यपदं म्हणायची, खालच्या आवाजातली दोन गद्य वाक्यंही म्हणायची. आवाजाचा हिशेब करणारा तंत्रज्ञ त्याची यंत्रं घेऊन येऊ दे, ठेकेदारही येऊ दे. नाही ऐकू आलं तर काय उचकटायचं ते तिथंच ठरवा, कारण फीत कापल्यावर कुणी खिळा काढत नाही. शेवटच्या रांगेत बसायला माणसं लागतील. मी येतो, आणि येताना शहरातले चार खवट कानसेन धरून आणतो.