गेटबाहेर आधी कोण पोचतं?

निरीक्षण गृहातून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन पोरांना ठेवतात तिथून, पोरगा सुटतो त्या दिवशी गेटबाहेर बहुतेक वेळा दोन माणसं दिसतात. एक त्याची आई, अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेली, हातात कागदांची पिशवी. दुसरा रस्त्याच्या पलीकडे गाडीवर बसलेला 'भाई'. कायद्याने पोरगा आईच्या ताब्यात जातो. तो आईच्या पायाही पडतो, पण डोळे पलीकडे असतात.

गेली सहा वर्षं मी परवानगी घेऊन दर रविवारी अशा एका ठिकाणी जातो. भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये, जिथे साचे आणि अवजारं बनतात तिथे, काम करतो, तेच थोडंफार पोरांना शिकवतो. या सहा वर्षांत एक गोष्ट पक्की समजली. "या मुलांना कुणीतरी मार्गदर्शक हवा" असं आपण म्हणतो, पण त्यांना तो मिळालेला असतोच. भाईला त्यांचा वाढदिवस पाठ असतो. तो कोयत्याने केक कापायला लावतो, रील टाकतो, पेट्रोलला दोनशे देतो. आई आजारी पडली तर रात्री दोनला गाडी घेऊन दारात उभा राहतो. "जेवलास का रे" हे रोज विचारणारा तोच. आपली गाठ या माणसाशी आहे, आणि आपण महिन्यातून एकदा तासभर समुपदेशन करून त्याला हरवायला निघालोय.

एका पोराचं सांगतो. नाव लिहिणार नाही. ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वय सोळा, मारामारीचं मॅटर, समोरच्या मुलाच्या दंडाला सात टाके. शाळा नववीत सुटलेली. पहिल्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसला होता. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं अवजार, टोकदार म्हणून आत न्यायला परवानगी नव्हती, तेव्हा मी पुठ्ठ्याचा मोठा व्हर्नियर कापून नेला, सरकपट्टीसकट. तिसऱ्या रविवारी त्याने तो हातात घेतला. मुख्य पट्टीवर बारा. मग सरकपट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेला जुळते ते बोटाने शोधत राहिला. अठरावी. "अठरा गुणिले शून्य पूर्णांक शून्य दोन... बारा पूर्णांक छत्तीस. बरोबर ना काका?" गणितात कायम नापास झालेला पोरगा. त्यानंतर तो पाठ करून बसला नाही.

तो सुटल्यावर मी दर शुक्रवारी फोन करायचो. मग कंपनीत ऑडिट लागलं आणि तीन आठवडे माझ्याकडून फोन गेला नाही. चौथ्या आठवड्यात चौकात भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, डावीकडून चौथा, गॉगल लावलेला माझा पोरगा. संध्याकाळी घरी गेलो तर मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही पण गेलात वाटलं." त्या 'पण'मध्ये त्याचे वडील होते, मास्तर होते, सगळे होते. त्यानंतर माझा शुक्रवार चुकलेला नाही. ताप असला तरी फोन करतो.

शाळेने परत घेतलं नाही. साधा दाखला मिळवायला आम्ही पाच हेलपाटे मारले. मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं. मधल्या वर्षात एका भांडणात त्याचं नाव पुन्हा आलं, आम्ही पुन्हा ठाण्यात बसलो, त्याची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. हेही सांगायला हवं. हे काम सरळ रेषेत होत नाही. दहावीला ५३ टक्के पडले. आता आयटीआयला फिटर आहे.

"आणि ज्याला सात टाके पडले त्याचं काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. त्या मुलाला मी भेटलोय. त्याचा हात अजून जड उचलायला दुखतो. पण माझा पोरगा पुन्हा भाईच्या गाडीवर बसला तर दुसऱ्या कुणाच्या तरी दंडावर टाके पडतील, हेही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोन तरुण जीव घेतले आणि जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हा मीही संतापलो होतो. आजही तो निबंध आठवला की हात शिवशिवतात. पण त्यावरून लोकांनी सगळा कायदाच मोडीत काढला, ते मला पटत नाही. रविवारी मला भेटणाऱ्या पोरांपैकी कुणाच्याही घरी चारचाकी नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा त्यांच्यासाठीही आहे, आणि तो वाचला तर कळतं की त्यात आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे. अशा मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईवडिलांच्या किंवा एखाद्या 'योग्य व्यक्ती'च्या देखरेखीखाली सोडता येतं, तीन वर्षांपर्यंत. काही गंभीर प्रकरणं वगळता जुन्या गुन्ह्यामुळे पुढे कुठली अपात्रता येत नाही. कंपनीने पडताळणीचा कागद मागितला तेव्हा त्या पोराचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला कलम २४ मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

सुटलेल्या पोरांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर, पीओ) दोष देणं सोपं आहे. एकेका पीओ मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो. त्यांनी कुणाकुणाला शुक्रवारी फोन करायचा? तो फोन आपल्यासारख्यांनीच करायचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे जाऊन विचारा. इलेक्ट्रिशियन, शिंपी, बेकरीवाले, दुचाकी दुरुस्त करणारे, कुणीही. फक्त सहा महिन्यांनी कंटाळणार असाल तर जाऊ नका. सोडून गेलेली माणसं त्या पोरांनी पुष्कळ पाहिलीत.

येत्या मंगळवारी आणखी एक जण सुटतोय. सतरा वर्षांचा, हात चांगला आहे, कानशीने फाइलिंग सुंदर करतो. आईला मी सांगून ठेवलंय की अकराला निघू नका, दहालाच या. मी अर्धी रजा टाकलीय, साडेनऊला गेटवर असेन.