आजीचं बायबल झटकू नका

स्मरण-उपासनेच्या पत्रिकेत सगळ्या आज्या सारख्याच दिसतात. प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील. वर फोटो, नावाआधी 'ख्रिस्तवासी', खाली स्तोत्र 23. यातलं काहीच खोटं नसतं. पण नाव बदललं की तीच पत्रिका शेजारच्या आजीलाही चालते, आणि याचंच फार वाईट वाटतं. नगर, जालना, सोलापूरकडच्या मराठी प्रॉटेस्टंट घरांत या बायकांची भक्ती अगदी ठोस होती. वेळ ठरलेली, कोपरा ठरलेला, प्रार्थनेतली नावंही ठरलेली. ती तशीच लिहून ठेवायला हवी.

सुरुवात तिच्या बायबलपासून करा. दफनानंतर घर आवरताना पहिली चूक इथेच होते: कुणीतरी पुस्तक उलटं धरून झटकतं, आतल्या चिठ्ठ्या, सुकलेली पानं, जुनी पाकिटं गोळा करून एका पिशवीत भरतं. चिठ्ठी हाती राहते, पण ती कुठल्या अध्यायात होती हे कायमचं जातं. म्हणून आधी फोटो. मुखपृष्ठ, आवृत्ती छापलेलं पान, मग चिठ्ठी असलेलं प्रत्येक पान, चिठ्ठी जागेवर असतानाच. फिकट पेन्सिलीच्या खुणा समोरून फ्लॅश मारला की दिसेनाशा होतात. पुस्तक खिडकीशी ठेवा आणि उजेड बाजूने तिरपा येऊ द्या. ओलं फडकं अजिबात नको, शाईच्या पेनाने लिहिलेलं पसरतं. सेलोटेप नको, काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. गंजलेल्या टाचण्या मात्र हलक्या हाताने काढा, आणि वर्तमानपत्राच्या कात्रणाच्या दोन्ही बाजूंना कोरा पांढरा कागद घाला, नाहीतर समोरच्या पानावर तपकिरी छाप उठतो. पानं दमट असतील तर सावलीत वाळवा, उन्हात ती आकसतात.

मग समास वाचायला घ्या. समजा, स्तोत्र 65 च्या नवव्या ओवीशेजारी पेन्सिलीने नुसतं '72' लिहिलंय. देव पृथ्वीला पाणी पाजतो, असं सांगणारी ती ओवी. नगरकडच्या माणसाला 1972 या वर्षाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळात ही बाई हे स्तोत्र घेऊन बसली होती, एवढं त्या दोन आकड्यांवरून कळतं. 'त्या प्रार्थनाशील होत्या' या वाक्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. अशा खुणांची एक वही करा: पुस्तक, अध्याय, ओवी, खूण कसली, शाई की पेन्सिल. अर्थ लावायची घाई नको. तारीख कशाची हे माहीत नसेल तर रकाना मोकळा सोडा, पुढे एखादी मावशी भरेल.

तारखांनी फार लोक फसतात. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली तारीख असते. बाप्तिस्म्याची तारीख हीच जन्मतारीख समजली जाते, तेही चूक. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्या बायका कमी नव्हत्या. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा सगळ्यांसमोर पक्की करण्याचा विधी), विवाह, दफन अशी चर्चची चारही रजिस्टरं पाहा. नोंद सापडत नसेल तर तिचं माहेरचं नाव लावून बघा, 'बाई' काढून बघा. मंडळीचं, म्हणजे त्या गावच्या चर्चचं, नावही बदललेलं असतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं 29 नोव्हेंबर 1970 ला, नागपुरात. त्याआधी अमेरिकन मराठी मिशनच्या, अँग्लिकन, स्कॉटिश मिशनच्या मंडळ्यांची नावं वेगवेगळी होती, आणि मेथॉडिस्ट आजही वेगळे आहेत. पाळकसाहेबांना विचारताना मंडळीचं तेव्हाचं नाव सांगा. विवाहाच्या नोंदीत सही आहे की अंगठा, तेही टिपून घ्या. लग्नाच्या वेळी अंगठा आणि पुढे बायबलच्या समासात स्वतःचं अक्षर, तर मधल्या वर्षांत ती लिहायला शिकली. कुणी शिकवलं, हा पुढचा प्रश्न.

नातेवाइकांना 'ती कशी होती' विचाराल तर पुन्हा विशेषणंच मिळतील. पहाटे किती वाजता उठायची? गुडघ्यांवर की बसून? प्रार्थनेत नावं कुठल्या क्रमाने यायची, आणि कुणाचं नाव मध्येच बंद झालं? नाताळच्या करंज्या पहिल्या कुणाच्या घरी जायच्या? 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातलं आवडतं गीत क्रमांकासकट लिहा, पण चालही रेकॉर्ड करा, कारण एकच पद दोन गावांत दोन चालींवर गायलं जातं. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद आणि फोन फ्लाइट मोडवर. वयस्कर माणसाला एका वेळी अर्धा तास पुरे.

आणि कृपा करून तिची भांडणं, शंका, रडणं गाळू नका. लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) आजही घरातल्या वाटतात त्या यामुळेच. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्या. दुरावा आला, सोवळं काही वर्षं सुटेना, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी यातलं काहीही झाकलं नाही. म्हणून त्यांच्या श्रद्धेवर विश्वास बसतो. आपण मात्र आजी गेल्यावर आठच दिवसांत तिला संत करून टाकतो. बारा वर्षं जावेशी न बोललेली बाई एका प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या) रविवारी आधी जावेच्या दारात गेली असेल, तर ते तसंच लिहा. बारा वर्षं गाळलीत तर त्या रविवारला काही वजन उरत नाही.

शेवटी थडग्याचा दगड. तिथे बहुतेक वेळा 'अमुक यांची पत्नी' एवढंच कोरलं जातं. तिचं माहेरचं नाव, गाव आणि तिने स्वतः खूण केलेल्या ओवीचा संदर्भ घाला, पूर्ण ओवी बसत नसेल तर नुसता आकडा. कारागिराला मजकूर फोनवर सांगू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि कोरण्याआधी त्याने दगडावर काढलेली अक्षरं स्वतः जाऊन वाचा. 'ख्रिस्त' आणि 'स्तोत्र' ही जोडाक्षरं हमखास चुकतात.