नानांनी लावलेलं लग्न

खरं फूल आहे की प्लास्टिकचं हे बघायला माणसाला डोळे का पुरत नाहीत? गुलाबाला कुणी चिमटा काढत नाही. पण घरात फॅलेनॉप्सिस ऑर्किड फुललेलं दिसलं की पाहुण्याची बोटं आपोआप पुढे सरकतात. परवा खालच्या मजल्यावरचे नाना आंब्याची पेटी घेऊन आले (मेहुण्याची देवगडला बाग, त्यामुळे पैसे रोख आणि वर उपकार वेगळे). पेटी टेकवली ती नेमकी ऑर्किडच्या टेबलावर, आणि बसायच्या आधी पाकळीला नख लावलं.

"खरंय की हो!"

पांढऱ्या पाकळीवर उमटलेली नखाची चंद्रकोर आधी पाणी उतरल्यासारखी पारदर्शक होते आणि मग तपकिरी. ती भरून येत नाही. पण एवढ्यावर थांबले तर ते नाना कसले! फुलाच्या मधोमध एक छोटा दांडका पुढे आलेला असतो. त्याला 'नाक' म्हणून त्यांनी टिचकी मारली. त्या नाकाच्या टोकाला टोपी असते, टोपीखाली परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या, आणि गोळ्यांना चिकट बूड. कीटकाच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जावं म्हणून ही सोय. चिकटली नानांच्या तर्जनीला.

"अरेच्चा, हे काय निघालं?"

"पराग, नाना. राहू द्या."

"राहू द्या कसं? आमच्या हातून तुटलं, आम्हीच बसवून देतो."

"नको, खरंच नको..."

"अहो, बरोबर जातंय. हे बघा, खाली खाचच आहे त्याला."

ती खाच म्हणजे कुक्षी. खोलगट, चिकट, पराग धरण्यासाठीच केलेली. नानांनी दोन्ही गोळ्या आत दाबल्या, नखाने चापून बसवल्या आणि "पूर्वीसारखं झालं" म्हणत हात झटकले. फुलापुरतं लग्न लागलं होतं. हे फूल एरवी दोन-तीन महिने टवटवीत राहतं, कारण ते कीटकाची वाट बघत असतं. परागण झालं की एक-दोन दिवसांत माना टाकतं. आता मिरवायचं कुणासाठी?

मी हे शक्य तितक्या थंडपणे समजावलं. नानांनी त्यातलं हवं तेवढंच ऐकलं. "म्हणजे बी धरेल? मग एक रोप आमचं."

शेंग पिकायलाच कित्येक महिने लागतात. बी धुळीइतकं बारीक, आणि त्यात अन्नाचा साठा नाही. जंगलात बुरशीच्या मदतीने ते रुजतं. नाहीतर प्रयोगशाळेत, निर्जंतुक बाटलीत. तिथून फुलापर्यंत आणखी दोन-तीन वर्षं. देठ हिरवा राहून फुगू लागला तर सरळ कापून टाकावा, नाहीतर झाडाची ताकद तिकडे जाते. "आमच्या गॅलरीत ऊन चांगलं आहे," नाना म्हणाले.

पेटी मी उचलली. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो, आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. पुण्यात थंडीत निघालेला फुलांचा दांडा नेमका आंब्याच्या दिवसांत भरात असतो, म्हणून दोघांना एका खोलीतच ठेवू नये. "आंब्याने झाड मरतं?" असं म्हणून नाना असे हसले की मला पैसे देताना हात आखडावासा वाटला.

मग त्यांची नजर मुळांकडे गेली. "मुळं बाहेर आलीत. माती घाला. बांडगूळच ना हे?"

बांडगूळ नव्हे! बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. आपल्या आंब्यावरचं सीतेची वेणी नावाचं ऑर्किड फक्त फांदीवर बसतं, तसंच हे. माती घातली की मुळं गुदमरून कुजतात. याला पारदर्शक, भोकांची प्लास्टिकची कुंडी लागते आणि तिच्यात झाडाच्या सालीचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा. साल न मिळाल्यास नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून, क्षार निघाल्यावरच. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की हात मागे. कडक उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा. सकाळीच, आणि पूर्ण निथळू द्यायचं. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्यायचं. वाढणारा शेंडा एकच, तो कुजला की वरची वाढ संपली. खत १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्याने. फिल्टरचं वाया जाणारं पाणी द्यायचं नाही. त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि शेजारीपाजारी ते पुण्यकर्म समजून आणून देतात.

मुंबईकरांचं झाड वर्षानुवर्षं नुसती पानं काढतं, त्याचं कारण बहुतेकदा रात्रीचा उकाडा. दांडा यायला काही आठवडे गार हवा लागते. पुण्याची थंडी ते फुकट करते.

राग खरा नानांवरही नाही. विकणारे झाडाच्या बुडाशी मॉसचा (शेवाळाचा) घट्ट बोळा कोंबून, बिनभोकाच्या चकचकीत कुंडीत घालून, सोबत 'रोज थोडं पाणी' अशी चिठ्ठी देतात. म्हणजे मरण कुंडीतच भरून द्यायचं, आणि वर गिऱ्हाइकाला म्हणायचं, तुमचा हात चांगला नाही! फुलं संपल्यावर तो बोळा काढून सालीत लावलं तर झाड वाचतं, पण हे दुकानात कुणी सांगत नाही.

जाताना नाना म्हणाले, "आम्ही निळं घेणार. हे पांढरं फार साधं वाटतं." बाजारातलं ते गडद निळं फॅलेनॉप्सिस दांड्यात रंग सोडून केलेलं असतं, नीट शोधलं तर बुडाशी बुजवलेलं भोक सापडतं. पुढचा बहर पांढराच येतो.

मी दुकानाचा पत्ता दिला.