इंद्रजाल ही जडीबुटी नाही, तो समुद्रातला मेलेला प्राणी आहे

मागच्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. दारातून आत शिरलो तर चौकटीच्या वर लाल कापडात अर्धवट गुंडाळलेलं काहीतरी काळं, जाळीदार टांगलेलं, खाली उदबत्तीची राख. विचारलं तर म्हणे इंद्रजाल आहे, मंगळवारच्या बाजारात एक बाबा येतो त्याच्याकडून घेतलं. ५,१०० रुपयांना. सोयाबीन विकून हातात आलेल्या पैशातून! पैशाचं दुःख आहेच, पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. आत्याचा नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला फिट येतात, आणि आत्याने चार दिवसांपासून त्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

कारण काय, तर व्हॉट्सअॅपवरचा मेसेज. आमच्या गावाच्या ग्रुपवर आला, सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर आला, महिला बचत गटाच्या ग्रुपवर तर तीनदा आला. 'समुद्राची तीन गुप्त रत्ने' असं त्याचं नाव. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंद्रजाल ही दूरच्या बेटांवर खडकात उगवणारी बिनपानाची, बिनफुलाची दुर्मिळ वनस्पती आहे, हजारो वर्षं जगते, वाळली तरी जिवंत असते आणि पाण्यात टाकली की हलते, दारावर लावली की करणी-बाधा लागत नाही, आणि उगाळून २१ दिवस पाजली की मिरगी मुळापासून जाते, मात्र तेवढे दिवस इंग्रजी गोळ्या बंद ठेवायच्या. दुसरं रत्न दर्याई नारळ, तो म्हणे समुद्राच्या तळाशी झाडाला लागतो. तिसरं दक्षिणावर्ती शंख, घरात असला की पैसा येतो.

सगळ्यात आधी गोळ्यांचं. फिटच्या गोळ्या अचानक बंद करणं हे या अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात भयंकर वाक्य आहे, बाकी सगळं खोटं एका बाजूला आणि हे एका बाजूला. ही गोळी मेंदूतली विजेची गडबड रोज दाबून ठेवते, ती एकाएकी काढली की नुसती पहिल्यासारखी फिट परत येते असं नाही, एकामागून एक येऊ शकतात, मधे शुद्धच येत नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो. पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर ती इमर्जन्सी असते, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. आमच्याकडून तालुक्याचा सरकारी दवाखाना पावसाळ्यात चांगल्या रस्त्याने पाऊण तास लांब आहे. गोळी कमी करायची असेल, बंद करायची असेल तर ते डॉक्टर हळूहळू करतात. हे बाजारात घोंगडी टाकून बसणाऱ्या माणसाचं काम नाही. मी त्याच संध्याकाळी पोराला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. या चार दिवसांत काही झालं नाही हे त्या लेकराचं नशीब.

आत्या म्हणाली, "अरे बापू, मी का वाईटासाठी केलं? जडीबुटी हाये, झाडाचं मूळ हाये, त्यानं काय नुसकान होते?"

इथेच खरी गोम आहे. 'झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी' हा भरवसा आपल्या लोकांच्या मनात पक्का बसलेला आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो माहीत आहे. म्हणून तो वनस्पती म्हणतो. मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, म्हणून एवढं तरी छातीठोक सांगू शकतो की इंद्रजाल झाड नाही. मूळ नाही, खोड नाही, वेल नाही. तो प्राणी आहे. एक नाही, हजारो प्राण्यांची मिळून एक वसाहत, आणि आपल्या दारावर लटकतो तो तिचा सांगाडा.

बाजारात इंद्रजाल म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक सी फॅन, म्हणजे समुद्रातला पंखा, शास्त्रात त्यांना गोर्गोनियन म्हणतात. दुसरं काळं प्रवाळ, म्हणजे अँटिपथारियन. सी फॅन जिवंत असताना बघाल तर त्या प्रत्येक काडीवर मऊ साल असते आणि तिच्यात काही मिलिमीटरचे इवले इवले जीव बसलेले असतात, पॉलिप म्हणतात त्यांना. प्रत्येकाला तोंड, तोंडाभोवती आठ हात आणि हातांना पिसासारखी झालर, हातांवर डंख मारणाऱ्या पेशी. पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव हे हात पकडतात आणि तोंडात घालतात. पंख्यासारखा आकार का, तर पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आपले पोट्टे धारेला आडवं जाळं धरतात ना, तेच. सी फॅन प्रवाहाला आडवा वाढतो म्हणजे जास्तीत जास्त पाणी त्याच्यातून गाळून जाईल. ज्याला मेसेजवाला मूळ म्हणतो ते खडकाला धरून ठेवणारी चकती आहे, तिच्यातून तो पाणी शोषत नाही की खत शोषत नाही. मोहोळ झाडाला लटकलेलं असतं म्हणून आपण त्याला फळ म्हणत नाही.

काळं प्रवाळ तर आणखी वेगळं. त्याच्या पॉलिपला सहा हात, आणि सांगाड्यावर बारीक काटे, भिंगातून बघितले की दिसतात. वर्गीकरणात ते सी फॅनपेक्षा समुद्रफुलांना म्हणजे सी अॅनिमोनना जवळचं. बाजारवाला दोन्हीला एकच नाव देतो, एकच मंत्र देतो.

मी आत्याच्या अंगणात तिच्यासमोरच एक गोष्ट करून दाखवली. सुई तापवून एका काडीच्या टोकाला लावली. लाकूड असतं तर चुलीसारखा वास आला असता. आला तो केस जळाल्याचा. कारण हा सांगाडा प्रथिनाचा असतो, गोर्गोनिन नावाचं प्रथिन, आपल्या केसा-नखांसारखंच कडक. आत्याने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "माय वं! जनावर हाये हे? अन् मी त्याले रोज उदबत्ती लावून राह्यली." (घरी करून बघू नका, आणि बाजारात प्लास्टिकचे पण विकतात, ते जळाले तर धूर वाईट.)

पाण्यात टाकलं की हलतं, म्हणून जिवंत. चाबकाची चामड्याची वादी उन्हात वाळून कडक होते आणि भिजवली की परत मऊ पडते, मग बैल जिवंत झाला का? इथेही तेच, वाळलेलं प्रथिन पाणी पितं आणि लवचिक होतं, बादलीतलं पाणी हललं की काड्या हलतात. जीव गेला तो समुद्रातून बाहेर काढला त्या दिवशीच.

आता जे खरं आहे ते खरं म्हणतो, लपवायचं काही नाही. प्रवाळाला वनस्पती समजण्याची चूक अडाणीपणाची नाही, मोठमोठ्या विद्वानांनी केलेली आहे. इटलीच्या मार्सिली नावाच्या अभ्यासकाने १७०६ च्या सुमारास जिवंत प्रवाळ पाण्यात ठेवून बघितलं, त्याला पॉलिप दिसले आणि त्याने ती फुलं आहेत असं जाहीर केलं. पुढे मार्सेयच्या पेसोनेल या डॉक्टरने १७२० च्या दशकात सांगितलं की ही फुलं नाहीत, प्राणी आहेत, तर फ्रान्समधल्या थोर शास्त्रज्ञांना ते इतकं विचित्र वाटलं की रेओम्यूरने त्याचं म्हणणं मांडताना त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. नंतर ट्रेम्ब्ले नावाच्या अभ्यासकाने गोड्या पाण्यातल्या हायड्रावर, म्हणजे झाडासारख्या दिसणाऱ्या इवल्या प्राण्यावर, प्रयोग केले आणि मग कुठे लोकांना पटलं. लिनियसने १७५८ मध्ये गोर्गोनिया हे नाव प्राण्यांच्या यादीत घातलं, पण गट केला 'झूफायटा' म्हणजे प्राणी-वनस्पती असा. म्हणजे बिचारी आत्या फसली यात तिचा दोष शून्य. पण वाद मिटून अडीचशेच्या वर वर्षं झालीत आणि मेसेज लिहिणाऱ्याकडे मोबाईल आहे, त्याला माफी नाही.

वयाचंही अर्धं खरं आहे. काळ्या प्रवाळातलं लिओपॅथेस नावाचं एक, हवाईजवळच्या खोल समुद्रातलं, त्याचं वय कार्बनच्या पद्धतीने ४,२६५ वर्षं निघालं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सांगाड्यात झाडासारखी वर्तुळंसुद्धा असतात. पण म्हणून बाबाच्या पिशवीतलं प्रत्येक इंद्रजाल हजार वर्षांचं होत नाही, आणि समजा असलंच, तर हजार वर्षं जगलेला जीव तोडून दारावर टांगायचा?

औषधाचंही चिमूटभर खरं आहे. १९६९ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या प्लेक्झौरा होमोमल्ला या गोर्गोनियनमध्ये प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीरात हार्मोनसारखं काम करणारं रसायन, भरपूर सापडलं, औषध कंपन्यांनी त्यावर खूप काम केलं. पण ते त्याच्या मऊ सालीत होतं, प्रयोगशाळेत वेगळं काढून मोजून मापून वापरायचं होतं, आणि त्याचा मिरगीशी काही संबंध नव्हता. आणि आयुर्वेदात प्रवाळ आहे ना, म्हणून मला एकाने ग्रुपवर सुनावलं. आहे, पण ते लाल प्रवाळ, त्याचा सांगाडा चुन्याचा, त्याचं भस्म करतात. इंद्रजालाची काळी काडी ती नाही. नाव जवळचं असलं की औषध तेच होत नाही, एवढं तरी वैद्यालाच विचारा.

करणी-बाधेबद्दल मी वाद घालत नाही. काळ्या प्रवाळाच्या अँटिपथीस या ग्रीक नावाचाच अर्थ पीडेच्या विरुद्ध असा सांगतात, म्हणजे हा समज आपल्याकडचा एकट्याचा नाही. ज्याला जे मानायचं त्याने ते मानावं. पण त्यासाठी लेकराची गोळी आणि एक अख्खी वसाहत, दोन्ही का द्यायची?

आता कायद्याचं, कारण ग्रुपवर 'तू कोण मोठा शास्त्रज्ञ' हा प्रश्न आलाच. माझं ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ बघा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे आपला वाघ आहे त्याच अनुसूचीत, सगळे सी फॅन आणि सगळी काळी प्रवाळं घातली गेली. वनस्पतींसाठी त्या कायद्यात वेगळी सहावी अनुसूची होती, तिच्यात सहा नोंदी होत्या, घटपर्णी, निळा वांडा नावाचं ऑर्किड वगैरे. इंद्रजाल झाड असतं तर ते तिकडे असतं ना? देशाच्या कायद्याने त्याला प्राण्यांत ठेवलं. आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा व्यापार म्हणजे तीन ते सात वर्षं कैद. ताडोब्याच्या आजूबाजूच्या माणसाला वाघाच्या नखाचं काय होतं हे सांगावं लागत नाही, घरात ठेवायची कुणाची छाती होत नाही. इथे तोच कायदा लागू आहे आणि लोक फ्रेम करून दिवाणखान्यात लावून राहिलेत! हाथाजोडीचं असंच झालं होतं, झाडाचं मूळ म्हणून पूजेत ठेवली आणि निघालं घोरपडीचं वाळवलेलं लिंग. घोरपड तर आपल्या शेताच्या धुऱ्यावरची, तरी ओळखू आलं नाही, मग समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर, तिथलं कुठून ओळखणार. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यांत हे पंखे बुडासकट उपटून येतात, मन्नारच्या आखातासारख्या ठिकाणाहून निघतात आणि चार हात बदलून आपल्या बाजारात पोचतात.

उरलेली दोन रत्नं. दर्याई नारळ समुद्राच्या तळाशी लागत नाही, ते ताडाच्या कुळातलं जमिनीवरचं झाड आहे आणि नैसर्गिकरीत्या फक्त सेशेल्सच्या प्रालीन आणि क्युरियूज या दोन बेटांवर वाढतं. जगातलं सगळ्यात जड बी त्याचं, २५ किलोपर्यंत जातं, फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात, नर झाड वेगळं, मादी वेगळं. ताजं फळ पाण्यात बुडतं, आतून सडून पोकळ झालेलं तरंगतं, तेच वाहत मालदीवला लागायचं, म्हणून शास्त्रीय नाव लोडोइसिया माल्दिविका पडलं. झाड कुणी बघितलंच नव्हतं म्हणून खलाशांनी तळाशी उगवतं असं ठरवून टाकलं. १७६८ मध्ये प्रालीनवर झाड सापडलं आणि गोष्ट संपली. साधूंचे कमंडलू त्याच्या करवंटीचे करतात हे मात्र खरं आहे.

शंखाचं एवढंच सांगतो. खरा पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, तो लाखात एखादा उलट्या वळणाचा निघतो. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून बहुतेक वेळा गळ्यात मारतात ती अमेरिकेच्या किनाऱ्यावरची लायटनिंग व्हेल्क नावाची गोगलगाय, तिच्या जातीत जवळपास सगळेच त्या वळणाचे असतात, दुर्मिळ काही नाही. तोंडातून आत बोट घाला, खऱ्या शंखाच्या आतल्या मधल्या खांबाला तीन-चार ठसठशीत घड्या लागतात, हिच्या लागत नाहीत. संपलं.

आत्याने इंद्रजाल स्वतःच्या हाताने खाली काढलं. आमच्या बीटाच्या वनरक्षकाशी बोललो, तो म्हणाला स्वतःहून आणून द्या, लेखी घेऊन जमा करतो. तर गावातल्या ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांनी फेकू नका, जाळू नका, मला फोन करा, मी सोबत येतो. बाबा मंगळवारी परत येणार आहे आणि वनरक्षकही बाजारात असणार आहे. आणि ज्यांच्या घरी फिटच्या, शुगरच्या, बीपीच्या गोळ्या त्या मेसेजपायी बंद आहेत, त्यांनी मंगळवारची वाट बघू नका, आजच डॉक्टरला फोन करा.