‘बूट पॉलिश’वर चोरीचा आळ घेण्याआधी

राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सचा ‘बूट पॉलिश’ (1954) ही इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘शूशाइन’ची (1946) सहीसही नक्कल आहे, हा दावा अधूनमधून फिरत असतो. पुरावे तीनच: दोन्हीकडे बूट पुसणारी पोरं, दोन्हीकडे तुरुंग आणि दोन्हीकडे तोच रखरखीत वास्तववाद.

धंदा एकच, कबूल. पण ‘शूशाइन’मधल्या रोमच्या पास्काले आणि जुसेप्पेला घोडा हवा असतो. बूट पुसणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. ‘बूट पॉलिश’मधल्या भोला आणि बेलू या भावंडांची सगळी धडपडच मुळी त्या ब्रश-पॉलिशपर्यंत पोचण्याची आहे. आई गेलेली. कमला चाची भीक मागायला लावते, मिळालेलं हिसकावून घेते आणि वर बडवते. हात पसरू नका, हे त्यांना शिकवतो जॉन चाचा, जो स्वतः चोरून दारू विकतो! (डेव्हिडना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, ते उगाच नाही.) मग पोरं भिकेतलेच पैसे लपवून साठवतात आणि पॉलिशचं सामान घेतात. पुढे पाऊस लागतो. चिखलात बूट कोण चमकवून घेणार? उपाशी पोटी असताना कुणीतरी नाणं फेकतं, बेलू त्यावर झडप घालते आणि भोला तिच्या थोबाडीत देतो. हा प्रसंग ‘शूशाइन’मध्ये शोधून दाखवाच.

तुरुंगाचं तर बोलायलाच नको. तिकडे तुरुंगातले अधिकारी जुसेप्पेला मारल्याचं सोंग करून पास्कालेकडून गुन्ह्यात सामील असलेल्या जुसेप्पेच्या भावाचं नाव वदवून घेतात आणि मैत्री तिथेच तुटते. सिनेमाचा प्राण तो. इकडे तुरुंगात टकले कैदी ‘लपक झपक’ म्हणत ढगांना बोलावतात, तेही मन्ना डेंच्या आवाजात, अडाणा रागात.

राहिला वास्तववाद. 1952 च्या मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात इटालियन सिनेमे आले आणि आपली मंडळी भारावली, हे खरंच. ‘दो बिघा जमीन’वरही ती छाप आहे. तेवढ्यावर चोरी ठरत असेल तर त्या दशकातल्या निम्म्या चांगल्या दिग्दर्शकांना आत टाकावं लागेल.

नावं ठेवायचीच तर शेवटाला ठेवा. श्रीमंत कुटुंब बेलूपाठोपाठ भोलालाही पदरात घेतं आणि सगळं गोड होतं. मला तो शेवट कधीच पटला नाही. पण तोही दे सिकांकडून उचलला म्हणायची सोय नाही. तिकडे जुसेप्पे पुलावरून पडून मरतो.